पास नग दोन

हसनाबादच्या आमच्या घरातील माळ्यावर लाल कापडी बांधणीच्या जुन्या वह्या अजून आहेत. कापडदुकानाच्या रोकड आणि खतावण्या मी सेवानिवृत्तीनंतर चाळून वेगळ्या केल्या; पण त्यांतील अकरा वह्या दुकानाच्या नाहीत, क्रिकेटच्या आहेत. बाबूजी सामन्याचे धावफलक वहीत मांडत आणि तेही जमा-नावे पद्धतीने. गोलंदाजाने दिलेल्या धावा त्याच्या नावे, घेतलेले बळी त्याच्या जमा, आणि सामना संपला की खाली दुहेरी रेघ ओढून शिल्लक. एम.कॉम. झाल्यावर मी त्यांना एकदा म्हणालो होतो की, ही पद्धत लेखाशास्त्राला धरून नाही. ते म्हणाले, "तुमचं शास्त्र दुकान चालवणाऱ्यांसाठी. हे दुकान चालवता चालवता खेळ ऐकणाऱ्यांसाठी आहे."

ते खेळ ऐकत, हे अक्षरशः खरे होते. भोकरदन तालुक्यातील आमच्या गावी त्या काळी खेळ पाहण्याची सोयच नव्हती. गादीजवळच्या फळीवर रेडिओ असे आणि त्यावर बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन लागले की, दुकानात आलेले गिऱ्हाईकही मापाचा गज हातात धरून थांबे. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र रेडिओ बंद. बाबूजींचा नियमच होता तो. त्या दिवशी नोकर धावसंख्या विचारायला समोरच्या आडत दुकानात जाऊन येई आणि पुटपुटत कानात सांगे. गिऱ्हाइकापुढे कापड उलगडताना बाबूजींच्या भुवया वर गेल्या की आम्ही ओळखत असू, कुणीतरी बाद झाले.

आयुष्यात एकदा वानखेडेवर बसून भारताचा सामना पाहायचा, एवढी एकच हौस त्यांनी बोलून दाखवली होती. पालीताणा आणि सम्मेदशिखर झाले होते; हे राहिले होते. या दोन गोष्टी एका वाक्यात आल्याबद्दल आई त्यांच्यावर रागावत असे.

वानखेडे स्टेडियमविषयी त्यांना कुतूहल असण्याचे कारण व्यापारी होते. मुंबईत चर्चगेटजवळ 1937 पासून ब्रेबॉर्न स्टेडियम होते. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. मुंबईचे क्रिकेट चालवणारी संघटना तेथे एका अर्थाने पाहुणी. कसोटी सामना आला की क्लबच्या सभासदांच्या जागा आधी, संघटनेचा वाटा नंतर. हा वाटा वाढवून मिळावा म्हणून संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे आणि क्लबचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्यात जे बिनसले ते जुळलेच नाही. अखेर वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभारले. शशी प्रभू यांच्या आराखड्यावरून ते वर्षा-सव्वावर्षात उभे राहिले आणि जानेवारी 1975 मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडच्या त्या सामन्यातील नाबाद 242 धावा बाबूजींच्या चौथ्या वहीत आहेत. "भावाभावांत वाटणीवरून भिंत पडते, इथे तर अख्खं स्टेडियम पडलं," असे ते म्हणत. त्यांना वाटे की, तिकिटांसाठी भांडून जे बांधले तेथे तरी साध्या माणसाला तिकीट सुखाने मिळत असेल.

ही समजूत 1987 मध्ये मोडली. विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत आणि इंग्लंड, 5 नोव्हेंबर. लग्नसराईच्या खरेदीसाठी बाबूजींना मूळजी जेठा मार्केटला जायचेच होते. त्यांनी पेढीवरच्या ओळखीच्या माणसाला तिकिटासाठी आधी पत्र टाकले होते. त्याने उत्तर दिले, "शेठजी, आपण या तर खरं." या वाक्याचा अर्थ काय होतो हे कोणत्याही व्यापाऱ्याला कळायला हवे होते. बाबूजी गेले. मी रजा काढून त्यांच्यासोबत होतो. तिकीट अर्थातच नव्हते. चर्चगेट स्थानकाबाहेर एका तरुणाने आम्हांला बाजूला घेऊन दोन तिकिटे दाखवली आणि छापील किमतीच्या आठपट भाव सांगितला. माझ्या खिशात तेवढे पैसे होते. मी बाबूजींकडे पाहिले.

ते तिकिटाकडे पाहत होते, पण विचार दुसराच करत होते. रोज संध्याकाळी प्रतिक्रमण करणाऱ्या माणसाच्या मनात काय येईल ते येणारच. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे पाच अतिचार आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. बाबूजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे तेनाहडेमध्ये बसतं की विरुद्धरज्जाइक्कमेमध्ये?" चोरून आणलेली वस्तू घेणे, की राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. अतिचार आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती; तो कोणत्या खात्यावर टाकायचा एवढेच ठरत नव्हते. मी काहीसा चिडून म्हणालो, "बाबूजी, त्याने ते चोरलेलं नाही, विकत घेतलं आहे." ते म्हणाले, "असेल. पण खिडकीवर आपल्यापुढे उभा राहिला असता असा कोणीतरी त्यामुळे रिकाम्या हाताने घरी गेला. आपण याला आठपट दिले की उद्या हा आणखी दहांना परत पाठवेल."

मग आम्ही बाहेरच्या एका टपरीवर रेडिओ ऐकत थांबलो. आतून गर्जना आधी ऐकू येई आणि कारण मागाहून रेडिओवर कळे. ग्रॅहम गूचने झाडूसारखी बॅट फिरवून 115 धावा काढल्या आणि भारत 35 धावांनी हरला. परतीच्या गाडीत बाबूजी एकच वाक्य बोलले, "आवाज मात्र फुकट ऐकला."

यानंतरचा प्रसंग लिहावा की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. त्यात दोष माझा आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येत नाही.

1996 मध्ये विश्वचषक पुन्हा भारतीय उपखंडात आला. मी तेव्हा पुण्यात एका शाखेत अधिकारी होतो. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना 27 फेब्रुवारीला वानखेडेवर होता. मी रीतसर प्रयत्न केले. विक्री सुरू व्हायच्या दिवशी मुंबईतील मेहुण्याला पहाटे रांगेत उभे केले. तो दुपारी रिकामा परतला. दोन क्लबांत ओळख काढली. तेथे जे कळले ते असे की, तिकिटांचा मोठा भाग खिडकीपर्यंत येतच नाही. संलग्न क्लब, सभासद, प्रायोजक, शासकीय खाती, पोलीस, आजी-माजी पदाधिकारी या सर्वांचे वाटे आधी निघतात आणि तळाशी उरेल ते जनतेचे. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर, सामान्य प्रेक्षक हा विनातारण धनको. वसुलीत त्याचा क्रमांक सर्वांत शेवटी.

त्याच आठवड्यात एका कारखानदार ग्राहकाच्या कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर होता. प्रस्ताव वाईट नव्हता. साठ्याच्या आकड्यांबद्दल दोन शंका होत्या, एवढेच. ते गृहस्थ आले, इकडचे तिकडचे बोलले, आणि जाताना एक पाकीट ठेवून म्हणाले, "साहेब, वडिलांना क्रिकेटची आवड आहे असं कळलं." आत वानखेडेचे दोन पास होते. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "यात पैसे कुठे आहेत? आमच्याकडे पडून राहतील." मी दुसऱ्यांदा नको म्हणालो, पण पाकीट परत त्यांच्या हातात दिले नाही. एवढाच फरक, आणि तोच सगळा फरक.

शनिवारी मी हसनाबादला शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला: तिकिटे मिळाली, निघून या. बाबूजी तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. एस.टी.ने औरंगाबाद, तेथून पुणे, असा प्रवास करून ते रविवारी सूर्यास्तापूर्वी पोहोचले. चोविहार असल्यामुळे जेवण लगेच उरकले. सामना दिवस-रात्रीचा असल्याने त्या दिवशी जेवणाचे कसे करायचे याचाही त्यांनी विचार करून ठेवला होता; दुपारी चारलाच डबा खायचा आणि रात्री नुसते पाहायचे. पिशवीतून कोरी वही निघाली. मग म्हणाले, "दाखव तरी."

मी पास दिले. त्यांनी चष्मा लावला, पुढून पाहिले, मागून पाहिले. त्यांचे इंग्रजी दुकानापुरते होते, परंतु कॉम्प्लिमेंटरी आणि नॉट फॉर सेल ही अक्षरे त्यांनी कापडाच्या नमुन्यांवर आयुष्यभर वाचली होती.

"केवढ्याला घेतलेस?"

मी एक आकडा सांगितला. तो आकडा माझ्या तोंडून कसा निघाला हे मला आजही सांगता येत नाही. सदतीस वर्षांचा, बँकेत लोकांच्या खोट्या आकड्यांवर बोट ठेवण्याचा पगार घेणारा मी, वडिलांना क्षणात एक खोटा आकडा सांगून मोकळा झालो.

बाबूजी पासकडे पाहत म्हणाले, "ज्यावर किंमतच नाही ते तू विकत कसं घेतलंस?"

मग मी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी प्रस्तावाविषयी विचारले: किती रकमेचा, शंका कोणत्या, निर्णय कोणाचा. मी म्हणालो, "बाबूजी, हे काही त्या अतिचारांत येत नाही. हे चोरलेलं नाही, काळ्या बाजाराचंही नाही. त्यांनी आपण होऊन दिलं आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "व्रताचं नाव काय? अदत्तादान विरमण. दिलेलं नाही ते न घेणं. त्यांनी दिलं आहे हे खरं. पण तुला दिलेलं नाही, तुझ्या खुर्चीला दिलं आहे. खुर्ची बँकेची आहे." एवढे बोलून ते सामायिकाला बसले.

मी रात्रभर त्यांच्याशी मनातल्या मनात वाद घातला. दोन पासांनी कर्ज मंजूर होत नाही, सगळेच घेतात, म्हाताऱ्या वडिलांची एक हौस होती. शेवटचे कारण सर्वांत जड होते, पण ते मला त्यांच्याचपुढे मांडता येत नव्हते. शिवाय एक गोष्ट पहाटे लक्षात आली. मेहुणा ज्या रांगेतून रिकामा परतला, त्या रांगेची खिडकी लवकर बंद झाली ती अशाच पाकिटांमुळे. तिकीट महाग का होते, याचे उत्तर आठपट मागणाऱ्या त्या चर्चगेटच्या पोराकडे अर्धेच होते. उरलेले अर्धे माझ्या टेबलाच्या खणात होते.

सोमवारी पास परत केले. ते गृहस्थ हसले, मग ओशाळले, मग थोडे दुखावलेही गेले. प्रस्ताव मी वरिष्ठांना सांगून सहकाऱ्याकडे दिला. त्याने साठा तपासून मागितलेल्यापेक्षा कमी मर्यादा मंजूर केली. पुढे वर्षभरात त्यांनी खाते दुसरीकडे नेले. शाखेच्या आढाव्यात त्याचे कारण मला विचारले गेले तेव्हा "स्पर्धा" असे लिहिले. तेही पूर्ण खरे नव्हते.

मंगळवारी आम्ही घरी दूरदर्शनसमोर बसलो. मार्क वॉने 126 धावा काढल्या, ऑस्ट्रेलिया 258. सचिन तेंडुलकर 90 वर असताना मार्क वॉनेच बाहेर टाकलेल्या चेंडूवर यष्टिचीत झाला तेव्हा बाबूजींनी पेन्सिल खाली ठेवली. भारत 16 धावांनी हरला. "जाऊन हरलेलंच पाहिलं असतं," असे मी म्हणालो. ते म्हणाले, "पाहायला मिळालं असतं तर हरलेलंही चाललं असतं." त्या वाक्याने मला पहिल्यांदा कळले की, त्यांनी काय सोडले होते.

बुधवारी सकाळी मी स्वारगेटच्या बाजूने कार्यालयात जात होतो. नेहरू स्टेडियमच्या खिडकीवर माणूस बसलेला दिसला आणि समोर रांग नव्हती. दुसऱ्या दिवशी, 29 फेब्रुवारीला, तेथे वेस्ट इंडीज आणि केनिया यांचा सामना होता. केनियाचा तो पहिलाच विश्वचषक. निकाल सर्वांना आधीच ठाऊक होता, म्हणून गिऱ्हाईक नव्हते. मी छापील किमतीत दोन तिकिटे घेतली. घरी दिली तेव्हा बाबूजींनी प्रथम किंमत वाचली, मग माझ्याकडे पाहिले, मग म्हणाले, "लारा खेळणार ना?"

गुरुवारी नवकारसी करून, उकळलेल्या पाण्याची बाटली आणि दशम्या-खाकऱ्याचा डबा घेऊन आम्ही गेलो. पायऱ्यांवर हवी तेथे जागा होती. बाबूजींनी तीनदा जागा बदलली. इतकी चैन त्यांनी कधी केली नसेल. आयुष्यात प्रथमच ते स्टेडियममध्ये बसले होते आणि पहिला अर्धा तास त्यांना खेळ दिसेचना. रेडिओवर चेंडू कुठे गेला ते कोणीतरी सांगत असे. इथे स्वतःच शोधावा लागत होता. "एवढं मोठं मैदान असतं होय," असे ते दोनदा म्हणाले.

केनियाची फलंदाजी आधी आली. समोर अँब्रोज, वॉल्श आणि बिशप. फलकावर चुडासमा, मोदी अशी नावे लागली तशी बाबूजींची मान वर झाली. "ही तर आपल्याकडची नावं." मग शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलांना त्यांनी सविस्तर सांगितले की, जामनगरच्या बाजूचे ओसवाल आणि इतर गुजराती व्यापारी शिडाच्या जहाजांतून मोंबासाला कसे गेले, आतल्या गावांत त्यांनी दुकाने कशी टाकली, आणि नैरोबीत आज आपले देरासर कसे आहे. मुले ऐकत होती की नाही कोण जाणे. पण केनियाच्या बाजूने ओरडणारे आमच्या भागात तेवढ्यात पाच जण झाले. केनियाने 166 धावा केल्या. स्टीव्ह टिकोलोच्या 29 या सर्वाधिक. त्याहून जास्त धावा तर वेस्ट इंडीजने अवांतर दिल्या होत्या. बाबूजींना तो हिशेब फार खटकला. "माल कमी आणि घट जास्त. अशी पेढी बुडते," असे ते म्हणाले, आणि आम्ही हसलो.

पेढी खरोखर बुडाली. रिचर्डसन गेला, कॅम्पबेल गेला आणि लारा आला. सगळ्यांना वाटले, आता संपले. यष्टिरक्षक तारिक इक्बाल अंगाने जड; चेंडू त्याच्या हातांतून निसटत होते आणि लोक हसत होते. रजब अलीचा चेंडू लाराच्या बॅटला चाटून गेला, इक्बालने तो कसाबसा कवटाळला, आणि लारा 8 धावांवर परत फिरला. बाबूजी उभे राहिले होते. मी त्यांना कोणत्याही आनंदात उभे राहिलेले पाहिले नव्हते. त्यानंतर वेस्ट इंडीजला सावरताच आले नाही. सर्वबाद 93. दोनदा विश्वविजेते झालेला संघ 73 धावांनी हरला. कर्णधार मॉरिस ओदुंबेने तीन बळी घेतले. केनियाचे खेळाडू मैदानाला फेरी मारत आमच्या कुंपणापाशी आले तेव्हा बाबूजी त्या कॉलेजच्या मुलांसोबत खाली उतरून हात हलवत होते. सूर्यास्ताला अजून अवकाश होता. घरी येऊन त्यांनी शांतपणे जेवण केले आणि वही पुरी केली.

वानखेडेवर ते कधीच गेले नाहीत. 2004 च्या पर्युषणानंतर ते गेले. पुण्यातही पुढे मुंबईचीच गोष्ट घडली: नेहरू स्टेडियम महापालिकेचे, सामने संघटनेचे, तिकिटांच्या वाट्यावरून दोघांचे फाटले आणि संघटनेने गहुंजे येथे स्वतःचे स्टेडियम बांधले. 2012 पासून तेथे आंतरराष्ट्रीय सामने होतात. महाराष्ट्रात तिकिटांच्या भांडणातून अशी दोन स्टेडियमे उभी राहिली. खिडकीवरच्या माणसाचे मात्र तेच. 2011 चा अंतिम सामना वानखेडेवर झाला, तेव्हा सुमारे 33 हजार आसनांपैकी जनतेला विकायला अवघी चार हजार तिकिटे होती. मीही तेव्हा संगणकासमोर बसलो होतो. पान उघडलेच नाही. सामना हसनाबादला, दुकानाच्या मागल्या खोलीत पाहिला.

दुकान आता पुतण्या सांभाळतो. ऑक्टोबर 2023 मध्ये गहुंजेला भारत आणि बांगलादेश यांचा सामना होता. त्याचा मला फोन आला. "काका, माल पुरवणाऱ्या एका कंपनीचा माणूस दोन पास देतो म्हणतो. दिवाळीची ऑर्डर द्यायची आहे अजून. घेऊ का?" मी त्याला हो किंवा नाही काही म्हणालो नाही. माळ्यावरची नववी वही काढली आणि एका पानाचे छायाचित्र त्याला पाठवले. त्या पानावर केनियाच्या सामन्याची दोन अर्धी तिकिटे चिकटवलेली आहेत आणि त्यांची किंमत बाबूजींनी नावे बाजूला लिहिली आहे. त्याच्या वर, 26 फेब्रुवारीच्या तारखेला, एक ओळ आहे: पास नग दोन, आले ते परत.

त्याचे उत्तर अर्ध्या तासाने आले. तिकीट विक्रीचे ॲप कोणते आणि ते किती वाजता उघडते, एवढेच त्याने विचारले होते.